तीन पितळी तोट्या

तीन बरण्यांमधले जंतू मेले होते आणि आम्ही पेढे खात होतो.

पेढे स्नेहलनं आणले होते. स्नेहल माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, कोडोलीची. रोज एसटीनं येणार, आल्याआल्या पांढरा कोट चढवणार आणि दुपारचा डबा चार वाजता उघडणार. दोन वर्षं तिचा प्रयोग तिच्याशी धड बोलत नव्हता. आज आकडे वर, उद्या खाली. मुदत एकदा वाढवून घेतली होती, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. दिवाळीपर्यंत प्रबंध दिला नाही तर नोंदणीच रद्द. आणि आता चार महिन्यांत सलग तिसऱ्यांदा एकच उत्तर आलं होतं, स्वच्छ, ठणठणीत. मग पेढे नकोत?

आता जरा मागून सांगते. मी कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. अलीकडेच निवृत्त झाले. आमचा विषय होता समुद्रातले जंतू. कोल्हापुरात समुद्र नाही हे मला ठाऊक आहे, कारण ते मला प्रत्येकानं सांगितलेलं आहे. रिक्षावाल्यापासून कुलगुरूंपर्यंत. आम्ही रत्नागिरीहून पाणी आणायचो, कॅन भरभरून, आंबा घाटातून. घाटाच्या वळणावर कॅन घरंगळले की ड्रायव्हर म्हणायचा, "मॅडम, समुद्र खवळला."

प्रयोग समजायला सोपा आहे. आपण गाड्या आणि कारखाने चालवून जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला बराचसा समुद्र पिऊन टाकतो. हा वायू पाण्यात विरघळला की पाणी आम्लाकडे झुकतं. सोड्याची बाटली उघडून पहिला घोट घेतला की जीभ चुरचुरते ना, त्यातलाच प्रकार, फक्त फार फार सौम्य. समुद्राचं लिंबूसरबत होणार नाही. पण पीएच नावाची एक पट्टी असते, तिच्यावर आकडा जितका खाली तितकं पाणी आम्लाच्या बाजूचं. आज समुद्र त्या पट्टीवर साधारण ८.१ ला आहे. हे असंच चालू राहिलं तर आपल्या नातवंडांच्या म्हातारपणी तो ७.८ च्या आसपास येईल असं जाणकार म्हणतात. फरक कागदावर एवढासा दिसतो. पण आपल्या रक्ताचा पीएच एवढा हलला तर डॉक्टर धावत येतात.

मग पाण्यातल्या जंतूंचं काय होईल, हा आमचा प्रश्न. जंतू म्हटलं की लोक फिनाईल शोधतात. पण समुद्राच्या चमचाभर पाण्यात लाखो जंतू असतात आणि त्यातले बहुतेक आपल्या वाटेलाही जात नाहीत. ते समुद्राचं घर सांभाळतात. मेलेलं, कुजलेलं, विरघळलेलं सगळं खायचं आणि त्याचं पुन्हा खत करायचं, हे त्यांचं काम. ते संपले तर सगळ्या समुद्राचा स्वयंपाक थांबेल.

म्हणून आम्ही सहा मोठ्या काचेच्या बरण्या मांडल्या होत्या. सगळ्यांत रत्नागिरीचं एकच पाणी. तीन बरण्यांत नुसती हवा बुडबुडत सोडलेली. ह्यांना आमच्या भाषेत कंट्रोल म्हणतात, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या साध्या बरण्या. उरलेल्या तीन बरण्यांत हवेबरोबर थोडा कार्बन डायऑक्साइड, पीएच ७.८ होईल इतकाच. दहा दिवस हे चालवायचं आणि रोज थेंबभर पाणी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजायचे. आम्ल बरण्यांत सहाव्या दिवशी जंतू निम्म्याच्याही खाली आले. दहाव्या दिवशी मोजायला फारसं काही उरलं नाही. कंट्रोलमध्ये सगळे मजेत.

उद्याचा समुद्र ओसाड होणार असं आम्ही सिद्ध केलं होतं, आणि आम्हा दोघींच्या ओठांना पेढा लागला होता. शास्त्रज्ञ मंडळी अशीच असतात. जग बुडणार हे नीट सिद्ध झालं की त्यांना रात्री छान झोप लागते.

आमचे हेडसर, म्हणजे विभागप्रमुख, पेढ्याच्या वासानं आत आले.

"मॅडम, हे तर गाजणार!"

"आधी अजून एकदा करू म्हणते मी."

"तीनदा झालंय ना? अहो, गोव्याच्या परिषदेला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवायचा उद्या शेवटचा दिवस. स्नेहल बोलेल."

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे आपण काय शोधलं ते पानभरात आधी कळवायचं. आम्ही पाठवलं. शीर्षकात 'तीव्र घट' असे शब्द होते. ते माझे होते.

आता त्या तोट्यांबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट त्यांचीच आहे.

पाण्यात बुडबुडे बारीक सुटले तरच वायू नीट विरघळतो. त्यासाठी आम्ही आधी मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातले दगड वापरत होतो. नळीच्या टोकाला लावायचे सच्छिद्र दगड. पण आम्ल बरण्यांतले दगड झिजायचे, त्यांचा भुगा पाण्यात पडायचा. चांगल्या प्रतीच्या तोट्या बाहेरून मागवायला तीन महिने लागतील असं कळलं. स्नेहल रडवेली झाली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील लॅबमध्ये हजर.

आप्पा शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात टर्नर. टर्नर म्हणजे लेथवर धातूचा दांडा फिरवून हवा तो आकार काढणारा माणूस. बुटके, जाड भिंगांचा चष्मा, आवाज असा की शेजारच्या लॅबमधल्या मुली डोकावून गेल्या.

"काय करायचं हाय, सांगा की."

मी कागदावर चित्र काढलं. बोटाएवढी तोटी, टोक बंद, बाजूला बारीक भोकं.

"एवढंच व्हय? पोरगी काल घरी अशी बसलती, मला वाटलं रॉकेट-बिकेट बनवायचं हाय." त्यांनी कागद उलटासुलटा केला. "पितळंत करतो. लोखंड गंजंल. खाऱ्या पाण्याला पितळच पायजे, बोटीच्या पंपाला बी तेच असतंय. किती करू? सा?"

"सहा नकोत. तीन पुरेत. दुसऱ्या तीन बरण्यांतले दगड चांगले चाललेत."

"सा करतो की. एकदा मशीन लागलं की तीन काय नि सा काय."

"उगाच कशाला त्रास? तीन पुरे."

मला वाटलं मी फार समजूतदारपणा करतेय. आठवड्यात तोट्या आल्या. काय सुरेख काम! भोकं सुईनं पाडल्यासारखी, कड कुठं हाताला लागेल तर शपथ. मी त्या हेडसरांना दाखवल्या, शिपायाला दाखवल्या, परीक्षेला आलेल्या बाहेरच्या सरांनाही दाखवल्या. बघा, म्हटलं, परदेशात जे मिळतं ते शिरोलीत होतं. बरण्यांत लावल्या तर बुडबुडे दुधावरच्या फेसासारखे बारीक. आणि त्यानंतरच स्नेहलच्या प्रयोगाला वाचा फुटली.

हे शेवटचं वाक्य मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

परिषदेला निवड झाल्याचं पत्र आलं आणि आप्पांनी जेवायचं आमंत्रण दिलं. एप्रिलचा रविवार होता. मी कोडोलीला गेले. घर साधं, सिमेंटचं, मागं म्हशींचा गोठा. आप्पांनी गल्लीतल्या दोन-तीन पाहुण्यांनाही बोलावलं होतं आणि त्यांना ते सांगत होते, "समुद्राच्या प्रयोगात आपली तोटी हाय. म्याच बनवली." स्नेहल लाजून स्वयंपाकघरात पळाली.

स्नेहलची आई तांब्या घेऊन बाहेर आली.

"घ्या मॅडम. तांब्याच्या घागरीतलं हाय, रातभर ठेवलेलं. ह्यात जंतू-बिंतू काय ऱ्हात न्हाईत बघा."

आप्पा खदखदून हसले. "अगं, जंतूंच्या मॅडमना जंतूंचं शिकवतीस व्हय?"

सगळे हसले. मीही हसले. पाणी प्याले आणि वळून आत बघितलं.

दारातून आतली घागर दिसत होती. नव्यासारखी चकचकीत.

"वहिनी, घागर छान ठेवलीय. कशानं घासता?"

"चिंचंनं की. चिंच लावली की हिरवं सगळं सुटून जातंय."

आंबट लागलं की तांब्यावरचं हिरवं सुटतं. सुटून कुठं जातं? पाण्यात जातं.

"आप्पा," मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं, "पितळेत तांबं किती असतं हो?"

"साठ-पासष्ट टक्के. बाकी जस्त. का वं?"

"काही नाही, सहज."

स्नेहल वाढायला बाहेर आली होती. तिच्या हातात भाकरीची दुरडी होती. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मला तिला काहीच सांगावं लागलं नाही. तांबं जंतूंना मारतं हा धडा तिला पहिल्या वर्षी मीच शिकवला होता.

जेवण उत्तम होतं म्हणतात. झुणका, खरडा, म्हशीचं दही. मला चव आठवत नाही.

ती मला स्टँडवर सोडायला आली. वाटेत म्हणाली, "मॅडम, चार महिने."

"हो."

"सगळं वाया?"

"आधी बघू तरी. अजून नुसता संशय आहे."

पण सोमवारी सकाळी मी सगळ्यात आधी लॉगबुक काढलं. लॉगबुक म्हणजे रोजच्या नोंदींची वही. स्नेहलच्या सुवाच्य अक्षरात पहिल्याच फेरीच्या चौथ्या दिवशी लिहिलेलं होतं: 'आम्ल बरण्या, तोटीच्या टोकाला हिरवट थर. पुसून काढला.' आणि त्याच्यासमोर लाल शाईत 'ठीक'. खाली सही. सही माझी. पोरीनं बघितलं होतं, लिहिलं होतं, मला दाखवलंही होतं. मी तोटीच्या कौतुकात होते. त्या वेळी मला माझाच इतका राग आला की मी पेनाचं टोपण चावून तोडलं.

खात्री करायला चार बरण्या मांडल्या. उरलेलं रत्नागिरीचं पाणी चौघींत सारखं. पहिलीत नुसती हवा. दुसरीत हवाच, पण पितळी तोटीतून. तिसरीत कार्बन डायऑक्साइड, साध्या प्लास्टिकच्या नळीतून. चौथीत कार्बन डायऑक्साइड पितळी तोटीतून, म्हणजे आमच्या जुन्या प्रयोगासारखंच. सिलेंडरही तोच. शिरोलीच्या फाउंड्रीत वाळूचे साचे कडक करायला हा वायू लागतो, तिथलाच पुरवठादार आम्हाला देत असे. हेडसरांचा पहिला संशय सिलेंडरवर होता. सिलेंडरमधल्या वायूत खोट असती तर तिसऱ्या आणि चौथ्या बरणीत सारखंच मरण दिसलं असतं.

आठवडाभर मोजणी स्नेहलनंच केली. मी मुद्दाम बरण्यांवर नुसते क्रमांक टाकले होते, कुठली कशाची ते तिला सांगितलं नव्हतं. आकडे लिहून झाल्यावर मी कागद उघडला.

पहिली बरणी ठीक. दुसरीत, साध्या पाण्यात पितळ होतं तिथं, जंतू थोडे घटलेले. चौथीत धुळधाण. आणि तिसरीत, जिथं पाणी आम्ल होतं पण पितळ नव्हतं, तिथं जंतू पहिल्या बरणीइतकेच. जसेच्या तसे. केमिस्ट्रीच्या मित्राकडून पाणी तपासून घेतलं. चौथ्या बरणीत तांबं उतरलं होतं, दुसरीपेक्षा कितीतरी जास्त.

थोडक्यात, उद्याचा समुद्र ओसाड झाला नव्हता. आमच्या बरणीत आम्हीच विष कालवलं होतं, बारीक बुडबुड्यांतून, दहा दिवस, तीनदा.

मी हेडसरांकडे गेले.

"अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मागं घ्यावं लागेल."

त्यांनी दार लावलं. "मॅडम, हे कुणाला कळणार आहे? घट तर दिसलीच ना?"

"दिसली. पण आम्लानं नाही, तांब्यानं."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, कोल्हापूरकरांचं पितळ उघडं पडलं."

त्यांना हसू आवरलं नाही. माणूस तसा वाईट नव्हता, नुसता घाईचा होता. म्हणाले, "मग पोरीचं काय? दिवाळीपर्यंतचे तीन-चार महिने पावसातच जातील."

हीच खरी अडचण होती. पावसाळ्यात नद्या-खाड्यांचं गोडं पाणी किनाऱ्याच्या समुद्रात मिसळतं आणि त्या पाण्याचा स्वभावच बदलतो. त्यात हा प्रयोग करता येत नाही. म्हणजे जे काही करायचं ते जूनच्या आत. हातात होते जेमतेम पाच आठवडे. आणि तोट्या नव्हत्या.

"मॅडम," स्नेहल म्हणाली, "आप्पांना सांगू नका. तोट्या गंजल्या म्हणून सांगते मी. सगळ्या शिरोलीला सांगून बसलेत ते."

"त्यांना उद्या इथं बोलाव," मी म्हटलं. "माझी चूक मी सांगते."

आप्पा पहिली पाळी संपवून थेट आले, हातात जेवणाचा डबा. मी त्यांना चारही बरण्या दाखवल्या. सूक्ष्मदर्शकातून पहिली बरणी दाखवली, रंगवलेल्या जंतूंचे हिरवे ठिपकेच ठिपके. मग चौथी. ते बराच वेळ डोळा लावून बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं.

"म्हंजी माझ्या तोटीनं मेले?"

"हो. पण चूक तुमची नाही आप्पा. तुम्ही धातू सांगितला होता, हो मी म्हटलं. हिरवं दिसल्यावर ठीकही मीच लिहिलं. ही बघा सही."

त्यांनी सही बघितली. मग त्या तीन बरण्या बघितल्या, ज्यांत अजून माशांच्या दुकानातले दगड होते. चेहऱ्यावर काय होतं ते मला कळेना. स्नेहल खिडकीकडे तोंड करून उभी होती.

"मी म्हटलंतं सा करतो म्हणून," ते शेवटी म्हणाले.

"म्हणाला होतात."

"तुम्हीच म्हटला, तीन पुरे."

"म्हणाले."

"मग? सा लावल्या असत्या तर सगळीकडंच मेले असते. तवाच कळलं असतं न्हवं, खोट तोटीत हाय म्हणून?" आवाज आता नेहमीच्या उंचीला आला होता. शेजारच्या मुली पुन्हा डोकावल्या. "मॅडम, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. एका पंगतीत तिघांच्या पानात वाढायचं आणि तिघांच्या न्हाई, असं आमच्यात लग्नात बी करत न्हाईत!"

मी बत्तीस वर्षं मुलांना कंट्रोल म्हणजे काय ते शिकवत आले. व्याख्या, आकृत्या, स्लाइड्स. ज्या एका गोष्टीची परीक्षा घ्यायची तेवढीच वेगळी ठेवा, बाकी सगळं दोन्हीकडं सारखं ठेवा. इतक्या कमी शब्दांत मला ते कधी सांगता आलं नव्हतं. मी खरंच हात जोडले.

"आता काय पायजे सांगा," आप्पा म्हणाले.

"तांबं नको, लोखंड नको, कुठलाच धातू नको."

"नायलॉनचा दांडा हाय कारखान्यात. त्यात करतो. किती?"

"सहा," मी आणि स्नेहल एकदमच म्हणालो.

त्यांनी सात आणल्या. एक जादा, पडझडीला.

ह्या वेळी आम्ही तोट्यांचीच आधी परीक्षा घेतली. चार दिवस समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवल्या, जंतूंना काही होतंय का पाहिलं. काही झालं नाही. मग ताजं पाणी आणायला मी स्वतः रत्नागिरीला गेले, स्नेहलला घेऊन. गुडघे त्या वेळीही कुरकुरत होते, पण मला आता कुणावर सोपवून बसवत नव्हतं. बंदराबाहेर जायला एक मच्छीमार होडी देणार होता. त्याची दुसरी होडी वाळूवर उलटी घालून तो तिच्या बुडाला लालसर रंग देत होता.

"हा कसला रंग?" स्नेहलनं विचारलं.

"तांब्याचा. शेवाळ, शिंपले काही धरत नाही ह्याला."

स्नेहल तिथंच थांबली. मी कॅन मोजत पुढं गेले, तर ही मागं नाही. परत आले.

"मॅडम," ती म्हणाली, "बंदरातल्या सगळ्या होड्यांच्या बुडाला तांबं आहे. आणि आपल्या बरणीत आम्ल पाण्यात तांबं जास्त मारक झालं. मग उद्या समुद्र आम्ल झाला तर बंदरात काय होईल?"

मी तिच्याकडे बघत राहिले. दोन वर्षं ही मुलगी मी सांगेन ते करत होती. प्रश्न तिनं पहिल्यांदाच विचारला होता, आणि असा विचारला होता की मला उत्तर माहीत नव्हतं. मार्गदर्शकाला ह्याहून दुसरं काय हवं असतं? मला इतका आनंद झाला की मी त्या मच्छीमाराकडून नको असताना दोन किलो बांगडे घेतले.

मे महिन्यात आम्लाचा आणि स्नेहलचा तांब्याचा, असे दोन्ही प्रयोग झाले. वेळ पुरला, कसाबसा. नायलॉनच्या सहा तोट्या, सहा बरण्या, सगळीकडं सारखं वाढलेलं. दहाव्या दिवशी मोजणी संपली. आम्ल बरण्यांत आणि साध्या बरण्यांत जंतूंची संख्या जवळजवळ सारखी. नीट पाहिल्यावर एवढं दिसलं की काही जाती मागं पडल्या होत्या, काही पुढं आल्या होत्या, आणि खाण्याचा वेग थोडा इकडंतिकडं झाला होता. घर चालू होतं, नुसती घरातली माणसं जरा बदलली होती. ह्याचा अर्थ समुद्राचं सगळं ठीक आहे असा नाही. शिंपल्या-पोवळ्यांना कवच बांधायला ह्या पाण्यात जड जातं, ते दुखणं वेगळंच आहे. पण आमचे जंतू चिवट निघाले. गाजण्यासारखं ह्यात काही नव्हतं. खरं मात्र होतं.

तांब्याचा प्रयोग स्नेहलनं एकटीनं आखला. ह्या वेळी धातू मुद्दाम घातलेला, मोजून, दोन्हीकडं सारखा. आम्ल पाण्यात तेवढंच तांबं जंतूंना जास्त बाधलं. तिच्या प्रबंधातलं ते चौथं प्रकरण, आणि परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्यावरच विचारले.

आम्ही चूक कळवल्यावर परिषदेच्या आयोजकांनी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मागं घेण्याऐवजी ते आणि शीर्षक बदलून दिलं. 'तीव्र घट' गेलं. गोव्यात स्नेहल बोलायला उभी राहिली तेव्हा तिच्या दुसऱ्याच स्लाइडवर पितळी तोटीचा फोटो होता, टोकाला हिरवट थर असलेला. खाली लिहिलं होतं, 'आम्ही केलेली चूक'. त्यापुढं लॉगबुकच्या पानाचा फोटो, माझ्या 'ठीक'सकट. ते तिनं मला आधी विचारलं होतं. मी म्हटलं, सही स्पष्ट दिसू दे.

सभागृह हसलं, पण वाईट नाही हसलं. चहाच्या वेळी दोन-तीन प्रयोगशाळांचे लोक एकेक करून तिला गाठून हळूच विचारू लागले, "तुमची ती नायलॉनची तोटी कुठं मिळते?" त्यातला एक जण फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अरे, आपल्या नळीच्या टोकाला काय आहे ते जरा बघून सांग."

आम्ही परतल्यावर मी आप्पांना सांगितलं, की तुमच्या पितळी तोटीवर स्नेहलच्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण आहे. त्यांनी चष्मा वर केला.

"जंतू मारल्याचं प्रकरण न्हवं?"

"तेच."

"बरं झालं. फुकट न्हाई गेली म्हणायची."

दिवाळीच्या आठ दिवस आधी प्रबंध सादर झाला. स्नेहल आता रत्नागिरीच्या एका कॉलेजात शिकवते. समुद्र तिच्या खिडकीतून दिसतो, कॅन लागत नाहीत. पितळी तोट्यांपैकी दोन आप्पांनी कारखान्याच्या भट्टीत टाकल्या. तिसरी मी मागून घेतली. राजारामपुरीतल्या माझ्या घरी ती टेबलावर असते, आणि मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटायला लागलं की मी तिचं हिरवं टोक बघून घेते.

आप्पांकडे अजून अधूनमधून कुठल्या कुठल्या लॅबमधून फोन येतात, नायलॉनच्या तोट्या हव्यात म्हणून. ते आनंदानं बनवून देतात. पण एक अट आहे. सहाचा सेट घ्यायचा. तीन मागितल्या तर देत नाहीत.